इंग्रजी वाक्यात विशेषण कसं वापरावं

मराठीत 'मोठा' हे विशेषण नामाप्रमाणे बदलतं: मोठा दगड, मोठी पिशवी, मोठं घर. 'लाल' मात्र कुठेही लालच. इंग्रजीतली विशेषणं या 'लाल'सारखी वागतात. एक बॅग असो की दहा, 'रेड'चं 'रेड्स' होत नाही. रूप बदलायचं नसल्यामुळे सगळं लक्ष जागेकडे द्या.

आधी नाम ठरवा, मग 'कसं?' असं विचारा. उत्तर नामाच्या आधी ठेवा: 'अ रेड बॅग'. किंवा क्रियापदानंतर: 'द बॅग इज रेड'. 'लुक', 'फील', 'स्मेल' यांच्यानंतरही विशेषणच येतं, म्हणून 'शी लुक्स हॅपी'; 'हॅपिली' नाही. 'अस्लीप', 'अफ्रेड', 'अलोन' यांना मात्र नामाआधीची जागा चालत नाही. 'द बेबी इज अस्लीप' बरोबर, पण नामाआधी 'अ स्लीपिंग बेबी' म्हणावं लागतं.

विशेषण घातलं की 'अ' आणि 'ॲन' पुन्हा तपासा. 'ॲन अंब्रेला', पण 'अ ब्लॅक अंब्रेला'. पुढच्याच शब्दाचा उच्चार बघायचा.

दोन-तीन विशेषणं असतील तर आधी आपलं मत, मग आकारमान, वय, रंग आणि शेवटी वस्तू कशाची बनली आहे ते: 'अ नाइस ओल्ड ब्राउन लेदर बॅग'. एवढी लांब माळ रोजच्या बोलण्यात क्वचितच लागते. दोन पुरतात.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो 'बोअर्ड' आणि 'बोअरिंग' यांत. कंटाळा आल्यावर 'आय ॲम बोअरिंग' म्हणणारे मी खूप ऐकले आहेत, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण त्याचा अर्थ 'मी कंटाळवाणा माणूस आहे' असा होतो. हा फरक मराठीतही आहे: आपण कंटाळलेले, भाषण कंटाळवाणं. म्हणून 'आय ॲम बोअर्ड', 'द स्पीच इज बोअरिंग'. 'टायर्ड' म्हणजे दमलेला, 'टायरिंग' म्हणजे दमवणारं. बोलण्याआधी मनात मराठी शब्द आणून बघा, बरोबर रूप सापडतं.

आपली एक गोड सवय मात्र बाजूला ठेवावी लागते. 'गरम गरम पाणी', 'छोटी छोटी फुलं' असं इंग्रजीत दोनदा म्हणत नाहीत. तिथे 'व्हेरी हॉट वॉटर' आणि नुसतं 'स्मॉल फ्लॉवर्स'.

आता समोरची एखादी वस्तू घ्या आणि एकच विशेषण दोन्ही जागी ठेवून वाक्यं मोठ्याने म्हणा: 'धिस इज अ हेवी चेअर', 'धिस चेअर इज हेवी'.