विमान हवेतच मोडलं असेल तर त्याचा रिपोर्ट कसा वाचायचा

विमान पडलं की तासाभरात ग्रुपवर पायलटला दोषी ठरवून मोकळे होतात, त्याचं फार वाईट वाटतं म्हणून लिहितोय. कोल्हापूरच्या शिरोलीत नाहीतर उद्यमनगरात लेथवर काम केलेल्या माणसाला असला रिपोर्ट नक्की कळतो, सुरुवात कुठनं करायची तेवढं कळलं पाहिजे.

पहिलं म्हणजे थांबा. प्राथमिक रिपोर्ट साधारण 30 दिवसांत येतो, आपल्याकडं ते काम एएआयबीचं (विमान अपघातांचा तपास करणारी सरकारी संस्था), पण त्यात बहुतेक वेळा काय काय सापडलं एवढंच असतंय, कारण फायनलमध्ये येतं.

फायनल आला की आधी अवशेषांचा नकाशा काढा. मुख्य सांगाड्याच्या बरंच मागं, आलेल्या वाटेवर पडलेला जड तुकडा बहुतेक आधी सुटलेला असतो (हलका पत्रा वाऱ्यानं कुठंही जातो, त्यावर जाऊ नका).

मग तुटलेल्या भागाचे फोटो, आणि इथं मात्र घाई नको. मोडलेला शाफ्ट हातात घेऊन बघितलाय ना? एका बाजूला गुळगुळीत, त्यात कमानीसारख्या बारीक रेघा, आणि उरलेला भाग खडबडीत दाणेदार. गुळगुळीत भागात तडा कित्येक महिने, कधी वर्षं हळूहळू सरकत असतो, दाणेदार भाग शेवटच्या झटक्याला गेलेला. कमानी जिथनं पसरल्यात तिथंच सुरुवात. शाफ्टला की-वेच्या, म्हणजे चावीच्या खाचेच्या, कोपऱ्यातनं तडा जातो तसाच 1954 ला पडलेल्या कॉमेट विमानाला छतावर कापलेल्या भोकाच्या कोपऱ्याजवळ गेला होता. दुसरं एक कॉमेट इंग्लंडात फार्नबरोला पाण्याच्या टाकीत बुडवून, परत परत प्रेशर भरून-सोडून फुटेपर्यंत तपासलं तेव्हा धातूचा थकवा (परत परत ताण येऊन तडा जाणं) सिद्ध झाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे लोक हमखास सोडतात, ते म्हणजे जुन्या दुरुस्तीची पानं. जपान एअरलाइन्स 123, 12 ऑगस्ट 1985, 520 माणसं गेली, चौघी वाचल्या. त्या विमानाची शेपटी 1978 ला लँडिंगला घासली होती, मागच्या प्रेशर बल्कहेडच्या (केबिनची हवा मागं अडवणारी भिंत) दुरुस्तीत एक सलग पट्टी हवी तिथं दोन तुकडे बसवले, त्यामुळं रिव्हेटच्या दोन ओळींचा लोड एकाच ओळीवर आला आणि तशा अवस्थेत ते विमान सात वर्षं उडत राहिलं, शेवटी तीच भिंत फुटली. त्या दिवशीच्या पायलटांनी काय करायला पाहिजे होतं म्हणता? शेपटीचा उभा पंखा जवळजवळ सगळा गेलेला, हायड्रॉलिक (ज्याच्या जोरावर विमान वळवतात ते) गेलेलं, तरी त्यांनी अर्धा तास ते हवेत ठेवलं. चायना एअरलाइन्स 611 पण असंच, 1980 ला शेपटी घासली, 2002 ला हवेत तुटलं, 225 मेले. ओरखडे काढून न टाकता वरनं डब्लर, म्हणजे जोडपत्रा मारला, मग खालचा तडा बाहेरनं दिसणार कसा?

तास बघताय तसे फेऱ्याही बघा. दर उड्डाणाला केबिन फुगतं आणि बसतं, त्यामुळं छोट्या पल्ल्याच्या विमानाचा पत्रा तासांच्या मानानं लवकर थकतो. 1988 ला अलोहा या अमेरिकन विमान कंपनीच्या बोइंग 737 चं छत उडालं आणि एक एअर होस्टेस गेली, तेव्हा त्या विमानाच्या 89 हजारांवर फेऱ्या झाल्या होत्या.

शेवटी शिफारशींचं पान वाचा, आणि त्यात सांगितलेली तपासणी बाकीच्या तसल्या विमानांना लागू झाली का ते शोधा, कुणी ग्रुपवर वाद घालायला आलं तर आधी तेच विचारा.