मुलांना घेऊन स्कीइंगला जायचंय? मग नोझावा ओन्सेनचा बेत असा आखा

आम्ही तोक्योत निशी-कासाईला राहतो, त्यामुळे दिवाळी झाली की पुण्या-ठाण्याहून विचारणा सुरू होते: मुलांना बर्फात न्यायचंय, कुठे जाऊ? मी सगळ्यांना एकच सांगते. डोंगर केवढा आहे ते नंतर बघा, आधी पायथ्याचं गाव बघा. सहा-सात वर्षांचं मूल पहिल्या दिवसांत दोन-तीन तासांच्या वर स्की करत नाही. उरलेला दिवस गावातच जातो, आणि सोबत आजी असेल तर तिचा तर सगळाच.

म्हणून नागानो प्रांतातलं नोझावा ओन्सेन (ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचे झरे आणि तिथलं स्नान). तोक्योहून होकुरिकु शिनकानसेन या बुलेट ट्रेनची ‘हाकुताका’ गाडी इइयामा स्टेशनपर्यंत घ्या (‘कागायाकी’ ही गाडी तिथे थांबत नाही), पावणेदोन तासांच्या आसपास इइयामा येतं, आणि स्टेशनबाहेरून बस २५ मिनिटांत गावात सोडते. मोठ्या बॅगा मात्र गाडीत चढवू नका. विमानतळावरच ताक्क्युबिन म्हणजे कुरियरच्या काउंटरवर द्या, त्या थेट मुक्कामी पोचतात. एखाद-दोन दिवस लागतात, म्हणून पहिल्या रात्रीचे कपडे आणि औषधं पाठीवरच्या पिशवीत ठेवा.

कधी यावं? सैबेरियाकडून येणारे वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतात आणि या डोंगरांवर रितं करतात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत इथे बर्फ भरभरून पडतो. नाताळच्या सुट्टीत गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले असतात. १५ जानेवारीला दोसोजिन या वाटा राखणाऱ्या देवाचा अग्नी-उत्सव असतो, तेव्हा खोली मिळणं कठीण. मूल लहान असेल आणि शाळा सुट्टी देत असेल, तर माझं मत मार्चच्या सुरुवातीला: बर्फ असतो, आणि बोचरी थंडी जरा कमी झालेली असते.

कपड्यांवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मुलाची सुट्टी तिथेच सुधरते किंवा बिघडते. अंगाला सुती काही नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि मग मूल कुडकुडतं. आत थर्मल, मध्ये फ्लीस, वर वॉटरप्रूफ जाकीट-पँट. स्की, बूट, हेल्मेट, जाकीट सगळं गावात भाड्याने मिळतं. हातमोजे आणि गॉगल स्वतःचे घ्या. लहानांना बोटं वेगळी नसलेले मिटन घाला. हात ऊबदार राहतात आणि चढवायलाही सोपे. स्कीच्या बुटात मोजा एकच, लांब आणि लोकरीचा. प्रेमापोटी दोन चढवले की पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं गार पडतात. थर्मलची पँटही बुटात कोंबू नका, तिची घडी नडगीला रुतते.

आपल्या मुलाला आपण शिकवायला जाऊ नका. आईबाबांपुढे मूल रडतं, सरांपुढे उभं राहतं. इंग्रजीतून शिकवणारे वर्ग आहेत, पण ते बरेच आधी भरतात, तेव्हा राहण्याच्या जागेबरोबरच नोंदणी करा. डोंगराच्या हिकागे नावाच्या बाजूला नवशिक्यांचा सौम्य उतार आहे आणि गावातून तिथपर्यंत सरकता रस्ता नेतो, त्यामुळे बूट घालून चढ चढावा लागत नाही. पहिले दोन दिवस फक्त सकाळचा वर्ग ठेवा, दुपारी घसरगाडी. मूल अजून खेळू द्या म्हणत असतानाच थांबवा.

मग ओन्सेन. गावात १३ सार्वजनिक स्नानगृहं आहेत, गावकरीच ती राखतात. पैसे घेत नाहीत, दानपेटी असते, तीत न विसरता टाका. बायका-पुरुष वेगळे, अंगावर एकही कपडा नाही, आणि आधी अंग धुऊनच पाण्यात उतरायचं. पाणी खरोखर कडक असतं, म्हणून मुलांच्या पायांवर आधी थोडं थोडं ओता. सासूबाईंना संकोच वाटला तर नुसते पाय सोडून बसायचं कुंडही आहे. ओगामा हा उकळता झरा जरूर दाखवा. तिथे गावातल्या बायका भाज्या शिजवतात. आत फक्त गावकऱ्यांना जाता येतं, आपण कठड्याबाहेरून बघायचं.

शाकाहारी असाल तर जेवणाची तयारी घरूनच हवी. सोबा (शेवयांसारखा पदार्थ), मिसो सूप, भाजीवरचा रस्सा, बहुतेक सगळ्यात दाशी म्हणजे माशाचं पाणी असतं. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. स्वयंपाकघर असलेली जागा घ्या आणि छोटा कुकर आणा. डाळ-तांदूळ आणायला नको, तेवढं तोक्योत मिळतं. भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला आणा. कढीपत्ता, फळं किंवा कसलंही मांस सामानात नको, विमानतळावर अडवतात.

विमा काढताना स्कीइंग त्यात धरलंय का, हे कागदावर वाचून घ्या. साध्या प्रवास-विम्यात ते बरेचदा वगळलेलं असतं. आणि परतीच्या आदल्या दिवशीच बॅगा ताक्क्युबिनने रवाना करा. थेट विमानतळावर पाठवत असाल, तर किती दिवस आधी द्यायच्या ते मुक्कामी पोचल्यावर लगेच विचारून ठेवा.