संत्र्याची पेटी विकणारा ईमेल

काटोल तालुक्यात माझ्या धाकट्या दिरांची संत्र्याची बाग आहे. झाडांचं सगळं ते बघतात. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना पेट्या पाठवायचं काम नागपुरात, धरमपेठेतल्या घरून मी करते. आंबिया बहाराची तोड साधारण ऑक्टोबरअखेर सुरू होते, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. वर्षाकाठी सात-आठच मेल जातात, पण बऱ्याचशा ऑर्डरी त्यांतूनच येतात. म्हणून एकेका मेलवर मी दोन-दोन दिवस घालवते.

पहिल्या वर्षी एक सुंदर पोस्टर करून घेतलं. भाव, तारीख, फोन नंबर, सगळं त्यातच. तेच एक चित्र मेलमध्ये टाकलं आणि पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी पुण्याहून एका काकूंचा फोन आला, "अगं, नुसता पांढरा चौकोन आलाय." अनेक ऑफिसांतल्या संगणकांवर मेलमधली चित्रं आपोआप उघडत नाहीत. ज्यांना चित्र दिसलं त्यांनाही नंबरावर बोट ठेवून फोन लावता येईना, कारण तो नंबर नव्हताच, नंबराचा फोटो होता. तेव्हापासून घरात नियमच केला: एकही चित्र उघडलं नाही तरी मेल पूर्ण कळला पाहिजे. भाव, तारीख, नंबर टाइप केलेल्या अक्षरांत. आणि प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर द्यायचा, म्हणजे चित्राच्या जागी निदान "पानासकट तोडलेली संत्री, १० किलोची पेटी" एवढं तरी वाचता येतं.

लिहायला बसण्याआधी एका कागदावर एकच वाक्य लिहा: हा मेल वाचून माणसानं काय करायचं? माझं वाक्य असतं, "पेटी नोंदवायची." हे वाक्य सांभाळणं सोपं नाही. गेल्या वेळी भाऊजी म्हणाले, "वहिनी, हुरडा पार्टीचंही टाकून द्या ना त्यात, लोकं विचारून राहिले." मी नाही म्हटलं. हुरड्याचा मेल वेगळा गेला, तोही जवळ राहणाऱ्या नागपूरकरांनाच. पुण्याच्या माणसाला हुरड्याचं आमंत्रण देऊन तो येणार नाही, आणि संत्र्याची पेटी नोंदवायचं बटण मात्र त्या गर्दीत हरवेल.

विषयाची ओळ सगळ्यांत शेवटी लिहा, पण सगळ्यांत जास्त वेळ तिला द्या. फोनवर तिची तीस-चाळीस अक्षरंच दिसतात, म्हणून कामाचा शब्द पुढे हवा. "दिवाळीनिमित्त खास आमच्या ग्राहकांसाठी" एवढ्यातच जागा संपते आणि संत्री राहूनच जातात. मी लिहिते, "संत्र्याची तोड सोमवारपासून, पेटी सांगून ठेवा". विषयाखाली जी फिकट ओळ दिसते तीही स्वतः लिहावी लागते. नाही लिहिली तर मेलमधला पहिला जो मजकूर सापडेल तो तिथे जाऊन बसतो. पाठवणाऱ्याच्या जागी बागेचं नाव आणि माझं नाव, दोन्ही. उत्तर देता येणार नाही असा पत्ता कधीच वापरू नका. "यंदा आंबट तर नाहीत ना?" असं कुणी विचारलं की ती ऑर्डर अर्धी झालेलीच असते.

आता मराठीचं, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. छपाईसाठी जुन्या डीटीपी फॉन्टात टाइप केलेला मजकूर मेलमध्ये चिकटवला की दुसरीकडे तो रोमन अक्षरांचा कचरा होऊन उघडतो. युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे फोनवर मराठी टाइप होतं तसं; ते सगळीकडे सारखंच उघडतं. आवडीचा खास फॉन्ट मेलमध्ये लावण्याच्या मागे लागू नका. जीमेल तो घेत नाही आणि वाचणाऱ्याच्या फोनमधलाच देवनागरी फॉन्ट दिसतो. अक्षरांमधली जागा वाढवू नका, शिरोरेघ तुटते आणि शब्द मोडल्यासारखा दिसतो. आपल्याकडे वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, म्हणून दोन ओळींत अंतर जास्त लागतं. मी अक्षर १७ पिक्सेलचं ठेवते आणि ओळीची उंची त्याच्या दीडपटीहून थोडी जास्त. बारीक अक्षर ठळक केलं की मात्रा एकमेकांत मिसळतात, तेही टाळा.

अजून एक. मेलचा कोड, म्हणजे मजकूर आणि त्यामागच्या मांडणीच्या खुणा, साधारण १०२ केबीच्या पुढे गेला की जीमेल खालचा भाग कापतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, मात्रेलाही. मेल बनवायची काही साधनं तर प्रत्येक चिन्हाचा सात बाइटांचा सांकेतिक आकडा करून ठेवतात. त्यात वर्डमधून मजकूर चिकटवला असेल तर त्याचा फापटपसारा वेगळाच. माझा एक मेल असा कापला गेला होता आणि बटण नेमकं कापलेल्या भागात होतं. आता मजकूर आधी साध्या नोटपॅडमधून काढून घेते, आणि बटण वरच्या तिसऱ्या ओळीखालीच येतं.

मांडणीत फार हौस करू नका. एकच स्तंभ, रुंदी ६०० पिक्सेल. बटण निदान ४४ पिक्सेल उंच, सत्तरीतल्या माणसाचं बोट नीट पडेल असं, आणि त्यावर "इथे क्लिक करा" नाही, तर "पेटी नोंदवा". विंडोजवरचं जुनं आउटलुक मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं, त्यामुळे गोल कोपरे आणि मागची चित्रं तिथे गायब होतात. काळ्या अक्षरांचा, पारदर्शक पार्श्वभूमीचा लोगो डार्क मोडमध्ये दिसतच नाही. त्याला पांढरी कड द्या. नागपूर संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आम्हाला फार अभिमान आहे, पण ती ओळ मी तळाशी ठेवते. वाचणाऱ्याला आधी भाव आणि तारीख हवी असते.

पत्ते फक्त त्यांचेच, ज्यांनी स्वतः दिले. एका ओळखीच्यांनी मला एका मोठ्या सोसायटीची यादी देऊ केली होती, घेतली नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलचे नियमही कडक झालेत. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजार किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या तांत्रिक सोयी) तिन्ही लागतात, आणि एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय लागते. लहान यादी असली तरी तुमच्या डोमेनवर (ईमेल पत्त्यातलं @ नंतरचं नाव) हे सगळं करून घ्याच, एका दुपारचं काम आहे. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली राहायला हव्यात. बाराशेच्या यादीत चार जणांनी स्पॅमचं बटण दाबलं की आपण त्या रेषेपलीकडे गेलो. म्हणून "यापुढे मेल नको" ही ओळ मी मोठ्या अक्षरांत, मराठीतच देते. जाणाऱ्याला दार सापडलं पाहिजे.

किती जणांनी मेल उघडला या आकड्यावर जाऊ नका. तो मेलमधलं एक बारीक चित्र उतरलं की नाही यावरून मोजतात. २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप चित्रं आधीच उतरवून ठेवू शकतं, त्यामुळे न वाचलेला मेलही वाचलेला दिसतो. मी ऑर्डरी आणि आलेली उत्तरं मोजते.

पाठवण्याआधी मेल माझ्या फोनवर, ह्यांच्या जुन्या अँड्रॉइडवर आणि भाचीच्या आयफोनवर बघते. मग सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवते. त्या जिथे "म्हणजे काय वो?" म्हणतात, ते वाक्य बदलते.

आणि पाऊस आला, तोड लांबली, तर तेही लगेच कळवायचं. त्या मेलला रंग नको, चित्र नको. मागच्या आंबियाला मी एवढंच लिहिलं होतं: "काका-काकू, तीन दिवस पाऊस आहे. ओली संत्री पेटीत भरली तर वाटेतच खराब होतील. म्हणून तोड आठ दिवस पुढे ढकलली आहे. थांबायचं नसेल तर या मेलला उत्तर द्या, पैसे परत करते." अकरा जणांनी पैसे मागितले. त्यांतल्या सात जणांनी मृगाला पुन्हा पेटी नोंदवली.