बहुभाषिक शहरी वस्तीत नवी ख्रिस्ती मंडळी (चर्च) सुरू करताना या चुका टाळा

हॉल मिळाला, गायनसंघ जमला की लगेच रविवारची उपासना सुरू करायची, ही पहिली चूक. मग सगळ्यांची शक्ती खुर्च्या मांडण्यात आणि साउंड लावण्यात जाते, घरभेटी मागे पडतात. आधी वेगवेगळ्या समाजांच्या घरांत दोन-तीन प्रार्थना गट नियमित चालू द्या. पाळक (पास्टर) नसतानाही ते चालले, की हॉलचं बघा. पहिल्या रविवारच्या गर्दीने हुरळून जाऊ नका. त्यातले बरेच जण इतर मंडळ्यांतून शुभेच्छा द्यायला आलेले असतात.

सर्वांत जास्त अडतं ते भाषेपाशी. वाक्यागणिक भाषांतर केलं तर २५ मिनिटांचा संदेश (प्रवचन) ५० मिनिटांवर जातो, तेव्हा मूळ संदेशच १५ मिनिटांत बसवा. टिपणं आणि शास्त्रपाठ अनुवादकाला दोन-तीन दिवस आधी द्या, नाहीतर तो ऐन वेळी वचन शोधत बसतो आणि निम्मा संदेश गाळतो. तीन भाषा असतील तर ही पद्धत चालतच नाही. हेडफोनवरून भाषांतर ऐकवा, किंवा उपासना एकत्र आणि बायबल अभ्यास आपापल्या भाषेत ठेवा.

एवढं करूनही एकाच भाषेची कुटुंबं गळत असतील, तर कमिटीची बैठक कोणत्या भाषेत होते ते पाहा. संदेशाचं भाषांतर होतं, हिशेबाचं आणि ठरावांचं होत नाही, हे लोकांच्या बरोबर लक्षात येतं. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या, विधवांना रोजच्या वाटणीत डावललं गेलं, तेव्हा वाटणीचा कारभारच सात जणांच्या हाती दिला गेला, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. व्यासपीठावर चार भाषांतली गाणी म्हणणं त्यामानाने सोपं. तिजोरीच्या किल्ल्या वाटून घेताना खरी परीक्षा होते.

पैशांबाबत संकोच नको. दानार्पण त्याच दिवशी, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी मोजावं आणि दोघांनी सही करावी. खातं मंडळीच्या नावावर हवं, पाळकाच्या नव्हे. मुलांच्या संडे स्कूलच्या वर्गातही दोन प्रौढ हवेतच. एकट्यावर वर्ग सोपवू नका, माणूस कितीही विश्वासू असो.

धान्य, फी, औषधं यांची मदत उपासनेच्या हजेरीशी किंवा बाप्तिस्म्याशी जोडली, तर मदत थांबताच माणसंही थांबतात, आणि शेजाऱ्यांच्या मनात बसलेला संशय मात्र निघत नाही. मदतीची वेळ आणि जागा वेगळी ठेवा, यादी गरजेवरून करा.

हॉलचा करार लेखी असू द्या. आवाजाची मर्यादा, सामान ठेवायची जागा, पार्किंग आणि करार मोडायची मुदत त्यात हवी. ड्रमसेट आणण्याआधी एकदा भिंतीपलीकडच्या घरात उभं राहून आवाज ऐका.