जुन्या गाडीचा स्टार्टर फिरत नसेल तर

स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, खोलण्याआधी बॅटरी तपासावी, कारण दोष पुष्कळदा तिच्यात किंवा तिच्या गंजलेल्या टर्मिनलांतच असतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते.

मग चावी फिरवून आवाज ऐकावा. लागोपाठ टकटक होत असेल, तर सोलेनॉइडला, म्हणजे स्टार्टरला वीज जोडणाऱ्या त्याच्यावरच्या चुंबकी स्विचला, पुरेसे व्होल्टेज मिळत नाही. एकच ठसठशीत टक होऊन मोटर जागची हलली नाही, तर सोलेनॉइडमधील तांब्याचे कॉन्टॅक्ट जळाल्याची किंवा मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बन ब्रश झिजल्याची शक्यता अधिक असते. आवाजच नसेल, तर दुसऱ्या कोणाला चावी फिरवायला सांगून सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर १२ व्होल्ट येतात का, हे मल्टिमीटरने पाहावे. येत नसल्यास दोष इग्निशन स्विच, रिले किंवा वायरिंगमध्ये शोधावा.

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष अर्थिंगच्या पट्टीकडे, म्हणजे इंजिन आणि गाडीची बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडणाऱ्या पट्टीकडे होते. चावी फिरवलेली असताना बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि स्टार्टरची बॉडी यांमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर ती पट्टी काढून दोन्ही टोके चकचकीत होईपर्यंत घासावीत.

स्टार्टर उतरवण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवलेच पाहिजे, कारण स्टार्टरच्या जाड केबलवर चावी बंद असतानाही बॅटरीचे व्होल्टेज असते आणि पाना बॉडीला टेकताच ठिणग्या उडतात.