सामायिक संगणकावर पासवर्ड मागे राहू नये म्हणून

ग्रंथालयात किंवा कार्यालयात अनेकजण वापरत असलेल्या संगणकावर क्रोमच्या सेटिंग्जमधील पासवर्ड मॅनेजरमध्ये जाऊन पासवर्ड साठवण्याविषयी विचारणा करणारा पर्याय बंद करावा आणि तेथे आधीच्या नोंदी असतील तर त्याही काढून टाकाव्यात, कारण पर्याय बंद केल्याने जुने पासवर्ड आपोआप पुसले जात नाहीत. फायरफॉक्समध्ये हीच सोय गोपनीयता आणि सुरक्षा या विभागात मिळते. सेटिंग बदलण्याची मुभा नसेल (सार्वजनिक ठिकाणी ती बहुधा नसतेच), तर कंट्रोल, शिफ्ट आणि एन या कळा एकत्र दाबून क्रोमची इन्कॉग्निटो विंडो (बंद केल्यावर ब्राउझिंगच्या नोंदी मागे न ठेवणारी खाजगी विंडो) उघडावी. मात्र काम झाल्यावर लॉगआउट करून अशा सर्व विंडो बंद कराव्यात आणि डाउनलोड केलेल्या पीडीएफ फाइल्स संगणकावर तशाच राहत असल्याने त्या स्वतः डिलीट कराव्यात.