मृत्युपत्रात फ्लॅटचा पत्ता कुठून उतरवायचा?

घोडबंदर रोडच्या सोसायटीत राहणाऱ्या मामांनी मृत्युपत्रात फ्लॅट 'बी-302' लिहिला, तर बिल्डरच्या करारनाम्यात तोच 'विंग 2, 302' निघाला. सोसायटी झाल्यावर विंगांची नावं बदलली होती. मामा हयात होते म्हणून दुरुस्ती करता आली.

लिहायला बसण्याआधी तीन कागद शेजारी ठेवा: नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स 2 (नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा त्या कराराचा थोडक्यात उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. (आमचं तिसरं कागदपत्र साड्यांच्या कपाटात सापडलं.)

1. फ्लॅट नंबर, दस्त क्रमांक, सर्टिफिकेट क्रमांक जसेच्या तसे उतरवा. नंबर जुळत नसतील तर दोन्ही लिहा: 'विंग 2, सध्याची बी विंग'.

2. पार्किंगचा उल्लेख स्वतंत्र ओळीत करा. भांडणं तिथेच लागतात.

3. प्रत्येक पानावर सही करा. शेवटी दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि त्यांनीही तुमच्यासमोर करावी. साक्षीदार शक्यतो तुमच्याहून तरुण निवडा, पत्ता आणि मोबाइल नंबरासह. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका.

साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात करून घेतलेली बरी.

एक मात्र सांभाळा: सोसायटीत नॉमिनी लावलाय म्हणून मृत्युपत्र टाळू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हक्क शेवटी वारसांचाच.